वळणाईपुढचा उजवा हात

उंबरगडात पोराला दुचाकी शिकवताना आधी तोल शिकवतात, मग ब्रेक आणि लगेच वळणाईला नमस्कार.

स्टेशनरोड जुन्या जकात नाक्यापाशी जिथं डावीकडं वळतो, तिथं अगदी वळणावरच एक लहानसं देऊळ आहे. देवीचं खरं नाव काय, यावर गावात दोन पक्ष आहेत. पण वळणावर बसली म्हणून सगळे तिला वळणाईच म्हणतात. तिथून जाताना मान देवळाकडं फिरते, उजवा हात हँडलवरून सुटतो, छातीला लागतो, ओठांना लागतो आणि परत जागेवर येतो. डावा हात चालत नाही. देवीला डावा हात कोण दाखवेल? आता वेग वाढवायला पिळायची मूठ उजव्या हाताला आणि पुढचा ब्रेकही उजव्याच हाताला, हे देवीला माहीत नसावं आणि आम्हाला माहीत असून उपयोग नव्हता. जात-धर्म न बघता सगळे हा नमस्कार करतात. आमच्या कॉलेजातले नास्तिक प्राध्यापकसुद्धा शर्टाचं बटण चाचपल्यासारखं करून उरकून घ्यायचे.

मग शहरात 'दक्ष' आलं.

जुने कॅमेरे वेग मोजायचे आणि नंबरप्लेट वाचायचे. दक्ष माणूस वाचायचं. चालवणाऱ्याची मान कुठं आहे, बुबुळं कुठं वळलीत, खांदा कुठं झुकलाय, दोन्ही हात जागेवर आहेत का, हे सगळं एका दमात टिपून ते अंदाज बांधायचं, की पुढच्या दोन सेकंदांत समोर कुणी आलं तर हा माणूस थांबेल का? नाही थांबणार असं वाटलं, की गाडीत सक्तीनं बसवलेल्या मंदकाला इशारा जायचा आणि गाडी आपोआप हळू व्हायची. त्याच क्षणी झेब्रा क्रॉसिंगजवळचा पिवळा खांब ओरडायचा, म्हणजे रस्ता ओलांडणारा जागीच थबकायचा. आणि मग चालवणाऱ्याच्या फोनवर अनवधानाचं चलन यायचं. गाडी हळू झाली, खांब ओरडला, हे कुणाच्या लक्षात राहायचं नाही. चलन मात्र जिव्हारी लागायचं.

वळणाईपाशी तर दिवसभर खांब बोंबलायचा आणि दिवसभर फोन वाजायचे. देवीला नमस्कार केला म्हणून दंड! गावाच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

ॲडव्होकेट विनया मगदूम हिचं ऑफिस वळणाईच्या समोरच, पहिल्या मजल्यावर. खाली रुक्साना मुल्लाणी हिचं शिवणाचं दुकान. शहरातल्या बहुतेक वकिलांचे काळे गाऊन रुक्सानाच्या हातचे. विनया तशी नाकासमोर चालणारी बाई. जमिनीचे वाद, न वटलेले चेक, यातच तिचा दिवस जायचा. पण एकदा तिचं डोकं फिरलं की समोरच्याची खैर नसायची. आणि तिचं डोकं फिरवायला तिचा धाकटा भाऊ इंद्रजित चलन घेऊन आला.

इंद्रजितनं स्पर्धा परीक्षांत तारुण्य घासलं होतं. शेवटी वनखात्यात अधिकारी म्हणून निवड झाली होती, नियुक्तीचं पत्र यायचं होतं. आई त्या पत्राच्या वाटेकडं डोळे लावून बसली होती.

"ताई, भरून टाकतो मी. उगाच कटकट नको," तो म्हणाला.

"भरायचं कशाला? दारू पिऊन चालवत होतास का?"

"नाही गं. पण हात सुटला होता, हे खरंच आहे की."

"ते त्यांनी सिद्ध करू दे ना," विनया म्हणाली आणि चलन ओढून घेतलं.

कोर्टात तिनं देवाधर्माचा मुद्दा काढलाच नाही. ती हुशार होती. तिनं एवढंच विचारलं, की कॅमेऱ्याचा पुरावा खरा आहे असं प्रमाणपत्र सही करून देणारा माणूस कुठं आहे? तो माणूस म्हणजे दक्ष चालवणाऱ्या कंपनीचा इंजिनिअर, कुणी नाडगौडा. सरकारी वकिलांनी त्याला समन्स काढलं. तो आला नाही. पुढच्या तारखेला आला नाही, त्याच्या पुढच्या तारखेलाही नाही. न्यायाधीश कुलथे साहेबांनी चष्मा काढला.

"एवढ्याशा चलनासाठी कोर्टानं किती वाट बघायची? साक्षीदार नाही, तर पुरावा नाही. संशयाचा फायदा. आरोपी निर्दोष."

ही बातमी गावभर व्हायला संध्याकाळसुद्धा लागली नाही. दुसऱ्या दिवशी विनयाच्या जिन्यात रांग. शिक्षक, दूधवाले, बँकेचे मॅनेजर, वळणाईचा पुजारी स्वतः. सगळ्यांचा गुन्हा एक, सगळ्यांचा बचाव एक, आणि नाडगौडा कधीच यायचा नाही. पुढंपुढं तर विनया उभी राहायच्या आधीच कुलथे साहेब "पुढचं काय ते माहीत आहे" असं म्हणायचे आणि कोर्टात हसू पिकायचं. देवस्थाननं तिला साडीचोळी दिली, फेटा बांधला. गाव तिला 'वळणाईच्या वकीलबाई' म्हणू लागलं. विनया वरवर लाजली, पण मनातून तिला गुदगुल्या झाल्या होत्या, हे खोटं कशाला सांगा?

"बाई, येवढ्या मोठ्या झालाय, आन् गाऊन बगा तुमचा. पार विटलाय," रुक्सानानं तिला दुकानात ओढलं. "माप द्या. असला शिवते, की जज्जसाहेब आधी गाऊनच बगत बसतील."

"भाभी, गाऊन बघून निकाल द्यायला लागले तर मग मला काय काम?" विनया म्हणाली. रुक्साना हसली. तिनं तोंडात टाचण्या धरून माप घेतलं, कापड बेतलं आणि बाजूला ठेवलं.

नंतर कधीतरी वळणाईपाशी चलनं यायची कमी झाली. मग बंदच झाली. बाकीच्या चौकांत दक्ष पूर्वीसारखंच खाष्ट. इथं मात्र गप्प. देवीनं कॅमेऱ्याचे डोळे बांधले, असं गाव म्हणू लागलं आणि यात्रेला गर्दी वाढली. खांबही ओरडायचा थांबला होता. रुक्सानाला तर बरंच वाटलं. दिवसभर कानाशी ती बोंब असायची, ती गेली.

त्या दिवशी इंद्रजित चारित्र्य पडताळणीचे कागद ताईला दाखवायला निघाला होता. सकाळची वेळ. विनया ऑफिसात पेपर चाळत होती. खालून ब्रेकचा आवाज आला नाही, हॉर्न आला नाही. या विजेवरच्या गाड्यांना एरवीही आवाज नसतोच. नुसतं काहीतरी धपकन पडलं आणि स्टीलचा डबा रस्त्यावरून घरंगळत गेला. ती जिना उतरून धावली. झेब्राच्या पट्ट्यांवर रुक्साना पडली होती आणि तिच्या शेजारी गुडघे टेकून इंद्रजित "भाभी, भाभी" करत होता.

रुक्सानाचा जीव वाचला. उजव्या मनगटाचा मात्र चुरा झाला होता. डॉक्टरांनी आत स्टीलची पट्टी बसवली, बोटं हलतील म्हणाले. विनयानं विचारलं, "कात्री धरता येईल?" डॉक्टरांनी खांदे उडवले नाहीत, एक्स-रे पुन्हा उजेडाला धरला.

"तुमचा भाऊ वाईट न्हाई," रुक्साना खाटेवरून म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच विनयाला जास्त लागलं. "रडत होता पोरगा. पण मला एक समजंना, बाई. मी कडंला हुबी हुते. त्यानं लांबनंच हात वर केला. मला वाटलं, जावा म्हणतोय. मानसं करत्यातच की हात, जावा म्हणून. तरी मी खांबाचा कानोसा घेतला. खांब गप. म्हटलं, खांब गप हाय म्हंजे पोरगं बगतंय आपल्याकडं. म्हणून पाऊल टाकलं."

विनयानं खाटेवरची चादर सारखी केली.

"आधी कसा वो बोंबलायचा खांब? आन् त्याच येळंला का ओरडला न्हाई?"

"बघते मी," विनया म्हणाली. अशिलाला टाळायचं असलं की ती हेच दोन शब्द वापरायची. बाहेर येऊन ती व्हरांड्यात उभी राहिली आणि तिला पहिल्यांदाच त्या शब्दांची लाज वाटली.

दक्षचं नियंत्रण केंद्र महापालिकेच्या जुन्या इमारतीत, वरच्या मजल्यावर होतं. आत एकच माणूस बसला होता. सडपातळ, डोळ्यांखाली काळी वर्तुळं, टेबलावर अर्धवट खाल्लेला वडापाव.

"मी ॲडव्होकेट मगदूम."

तो उठून उभा राहिला. "कौस्तुभ नाडगौडा. आपली ओळख आहे, मॅडम. तुमच्या खटल्यांची समन्सं अजून येतात मला."

"आलात का नाहीत कधी?" ती इतक्या जोरात बोलली, की तिचं तिलाच नवल वाटलं. सगळे खटले जिंकून देणाऱ्या माणसावरच ती चिडली होती.

"माझ्याकडं बरीच शहरं आहेत. एका चलनापायी एक अख्खा दिवस कोर्टात, कंपनी सोडत नव्हती. दंड बुडाला तर बुडू दे म्हणाले." त्यानं मान खाली घातली. "मी यायला हवं होतं."

तिनं खांबाबद्दल विचारलं. त्यानं तिला खुर्ची दिली आणि पडद्यावर वळणाईचा रस्ता आणला.

"दक्ष आपोआप शिकतं, मॅडम. पण कुणाकडून शिकायचं? कंपनीकडून शिकलं, तर कंपनी दंड वाढवायला शिकवेल, अशी लोकांना भीती होती. म्हणून कायद्यात असं ठरलं, की दक्षचा गुरू म्हणजे कोर्ट. कुठल्याही चलनाला कोर्टात आव्हान दिलं, की ती फिल्म आणि तो निकाल दक्षला धडा म्हणून जातो. आरोपी दोषी, म्हणजे दक्षचा अंदाज बरोबर होता. निर्दोष, म्हणजे अंदाज चुकला; असा माणूस पुढच्या वेळी सावध धरायचा."

"पण मी त्यांना पुराव्याच्या मुद्द्यावर सोडवलं! ते सावध होते, असं कोर्टानं कधी म्हटलंच नाही."

"तुमचा युक्तिवाद दक्षला ऐकू जात नाही. त्याच्याकडं दोनच खण आहेत. दोषी आणि निर्दोष. संशयाचा फायदा ठेवायला तिसरा खण नाही." त्यानं एक कळ दाबली. "हे बघा."

पडद्यावर दुचाक्या येऊ लागल्या. प्रत्येकाभोवती हिरवी रेघ आणि खाली शब्द, 'सावध'. देऊळ जवळ आलं, माना फिरल्या, उजवे हात छातीवर गेले. हात वर गेला की हिरवी रेघ आणखी ठळक व्हायची.

"ठळक का होते?" विनयानं विचारलं. उत्तर तिला कळलं होतं.

"इतक्या निर्दोष फिल्म बघून दक्षनं त्यांच्यात सारखं काय आहे ते हुडकलं. मान डावीकडं, उजवा हात छातीवर. त्याच्या लेखी ही आता सावध माणसाची खूण आहे. हात सुटला की त्याला उलट खात्री पटते. मग ते गाडी हळू करत नाही आणि खांबालाही ओरडू देत नाही."

विनयानं पदराचं टोक मुठीत धरलं. समोरची फिल्म पुढं सरकली. इंद्रजितची गाडी आली. हिरवी रेघ. झेब्राच्या कडेला रुक्साना, डबा हातात. विनयानं डोळे मिटले.

"हातानं दुरुस्त करा हे. आत्ता."

"नाही करता येत. कोर्टाच्या निकालावर कंपनीच्या माणसानं पाणी फिरवायचं नाही, अशी सक्त बंदी आहे. वकील संघटनांनीच मागणी केली होती."

तिला आठवलं. ते निवेदन कोर्टातल्या वकिलांच्या बाररूममध्ये फिरलं होतं आणि तिनं चहा पिता पिता सही केली होती. चांगलीच मागणी होती ती; आजही तिला त्यात काही चुकीचं दिसत नव्हतं.

"मग उपाय काय?"

"निकाल," नाडगौडा म्हणाला. "जिथं माणूस जखमी झाला, त्या खटल्याचा निकाल दक्ष साध्या चलनापेक्षा कितीतरी जड धरतं. तुमच्या भावाचा खटला उभा राहील. तो दोषी ठरला, तर एवढा एक धडा मागचे सगळे पुसून टाकेल. आणि निर्दोष ठरला…" तो थांबला. "तर दक्ष शिकेल, की बाई पडली तरीसुद्धा यात चालवणाऱ्याचं काही चुकलं नाही. आणि सगळ्या शहरांतले खांब एकाच मेंदूवर चालतात, मॅडम. वळणावरची देवळं काय फक्त उंबरगडातच आहेत?"

ती उठली. दारापर्यंत गेल्यावर तो मागून म्हणाला, "या वेळी मी येणार आहे. अपघात आहे म्हणून कंपनी पाठवतेय. दक्षच्या नोंदीप्रमाणे चालक पूर्ण सावध होता. तसं प्रमाणपत्र मला द्यावं लागेल."

इतके दिवस न येणारा साक्षीदार आता येणार होता, आणि तो तिच्या भावाला सोडवायला येणार होता.

"म्हणजे मी सुटतो," इंद्रजित म्हणाला. दुपारची वेळ होती, ऑफिसात दोघंच होते. खाली रुक्सानाचं शटर बंद.

"सुटतोस."

"मग तोंड का पाडून बसलीयस?"

तिनं त्याला सगळं सांगितलं. दोन खण, हिरवी रेघ, बाकीची शहरं. तो ऐकत गेला तसा त्याचा चेहरा लाल होत गेला.

"तू माझी वकील आहेस का त्या खांबाची?"

"इंद्या…"

"पडताळणीत शिक्षा निघाली, तर नोकरी गेली. ठाऊक आहे ना तुला? आई रोज विचारते, गणवेशात कसा दिसशील म्हणून. आणि मला चलन भरायचं होतं, ताई. पहिल्याच दिवशी. हात सुटला होता, असं मीच म्हणालो होतो. तू काढून घेतलंस माझ्या हातातून."

कोर्टात असती तर विनयानं यावर काहीतरी शोधलं असतं.

"मी वकालतनामा मागं घेते," ती म्हणाली. "दुसरा चांगला वकील देते तुला. मी हरावं म्हणून उभी राहणार नाही आणि जिंकावं असं मला वाटत नाही."

"नाही. तूच चालवायचीस. तूच सुरू केलंस हे."

विनयानं फाइल पुन्हा पुढं ओढली. मग तिनं विचारलं, "एकच सांग. भाभी तुला दिसल्या होत्या का?"

तो खिडकीशी गेला. समोर देऊळ होतं. "मी देवीकडं बघत होतो."

"काय मागत होतास?"

"पडताळणी नीट पार पडू दे," तो म्हणाला, आणि एवढा मोठा बाप्या, पण खिडकीच्या गजाला धरून रडला.

कोर्ट त्या दिवशी भरलं होतं. गावाला खात्रीच होती, की वळणाईच्या वकीलबाई हाही खटला खिशात घालणार. नाडगौडा आला, शपथ घेतली आणि खालच्या आवाजात म्हणाला, "यंत्रणेच्या नोंदीनुसार चालक सावध होता." सरकारी वकिलांनी कपाळाला हात लावला. मग रुक्साना पिंजऱ्यात आली. उजवा हात गळ्यात बांधलेला. डाव्या हातानं पदर सावरायला तिला जमत नव्हतं.

तिनं जे हॉस्पिटलात सांगितलं होतं, तेच सांगितलं. विनया उलटतपासाला उभी राहिली. अंगात तोच विटका गाऊन होता. प्रश्न विचारायचे नाहीत, असं तिनं येताना ठरवलं होतं. पण मागच्या बाकावर आई बसली होती, भाऊ आरोपीच्या जागी होता, आणि सवय माणसाच्या आधी उभी राहते.

"तुम्ही म्हणता, आरोपीनं हात वर केला?"

"व्हय."

"म्हणजे तुम्ही त्याला दिसलाय, असं तुम्हाला वाटलं?"

"वाटलं, बाई."

"आणि खांब ओरडला नाही?"

"न्हाई."

"म्हणजे खांबाच्या मते तो बघत होता आणि तुमच्याही मते तो बघत होता. बरोबर?"

रुक्सानानं तिच्याकडं पाहिलं. या बाईच्या खांद्याचं, हाताचं, पाठीचं माप तिला तोंडपाठ होतं. "तुमी म्हणताय तसंच असंल," ती म्हणाली. "तुमाला जास्त कळतं."

खटला तिथंच जिंकला गेला. सरकारी वकिलांनी फाइल मिटली. विनया खाली बसली आणि तिला स्वतःची इतकी शिसारी आली, की समोरचा पाण्याचा ग्लास उचलायचं धाडस होईना. भाभीनं विचारलं होतं, खांब का ओरडला नाही? त्याचं उत्तर तिनं आज दिलं होतं. भर कोर्टात, भाभीच्याच तोंडून.

"साहेब, मला बोलायचंय."

इंद्रजित उभा राहिला होता. कुलथे साहेब म्हणाले, "तुमच्या वकील आहेत ना? त्या बोलतील."

इंद्रजितनं ताईकडं पाहिलं. तिनं नुसती मान हलवली असती, तर तो बसला असता. लहानपणापासून तो तिच्या मानेकडं बघूनच बसत आणि उठत आला होता. मागून आईचा हलका आवाज आला, "विने…"

विनया उभी राहिली. "त्याला बोलू द्या, साहेब."

"तो हात मी भाभींना केला नव्हता," इंद्रजित म्हणाला. "वळणाईला केला होता. मी रस्त्याकडं बघतच नव्हतो. यंत्र काहीही म्हणू दे. गुन्हा कबूल आहे."

कुलथे साहेबांनी त्याला दोनदा समजावलं, परिणाम काय होतील ते सांगितलं, कुणाचा दबाव आहे का विचारलं. तो नाही म्हणाला. साहेबांनी नुकसानभरपाई लावली आणि कोर्ट उठेपर्यंत कैद सुनावली. म्हणजे तुरुंग नाही. त्या दिवसाचं कामकाज संपेपर्यंत आरोपीनं कोर्टाच्या खोलीत बसून राहायचं. शिक्षा एवढीच, पण शिक्षा ती शिक्षा. कागदावर कायमची.

गर्दी पांगली. आई दोघांकडंही न बघता निघून गेली. विनयानं गाऊन काढला, घडी केली आणि आरोपीच्या बाकावर जाऊन भावाशेजारी बसली. पुढचे खटले पुकारले जात होते. तिचेही दोन होते, तिनं तारखा मागून घेतल्या.

"तू जा, ताई. शिक्षा मला आहे," तो म्हणाला.

"असू दे."

कोर्ट उठेपर्यंत ती तिथून हलली नाही.

नियुक्तीचं पत्र आलं नाही, ते नाहीच. इंद्रजितनं वनखात्याकडं अपील केलंय, बघू. विनयाशी तो मोजकंच बोलतो. सकाळी मात्र तो न चुकता रुक्सानाच्या दुकानात जातो, कारण तिची बोटं हलतात पण कात्री पेलत नाहीत. ती खडूनं रेघ मारते, तो कापतो आणि शिव्या खातो. "आरं, कापड हाय त्ये, झाड न्हवं!" हे वर ऑफिसात ऐकू येतं.

वळणाईपाशी पुन्हा चलनं सुरू झाली. विनयाच्या जिन्यात पुन्हा रांग लागली.

"वकीलबाई, तुमच्याबिगर कोण न्हाई आमाला."

"हात सुटला होता का?"

"हां, म्हंजे… नमस्कार केला."

"मग भरून टाका."

गावाला हे रुचलं नाही. देवस्थाननं यंदाच्या यात्रेचं निमंत्रण तिला दिलं नाही. पुजाऱ्यानं तर वरच्या कोर्टातला वकील गाठलाय, असं ऐकतो.

तिचा गाऊन शेवटी शिवून झाला. इंद्रजितनं कापलेला, रुक्सानानं डाव्या हातानं रेटून शिवलेला. एक बाही जरा वर राहिलीय. त्या दिवशी तो अंगात घालून विनया कोर्टातून परत येत होती. संध्याकाळचं ऊन देवळाच्या कळसावर होतं. मन दुसरीकडंच होतं, आईकडं, बहुधा. वळण आलं, मान फिरली, आणि तिच्या नकळत उजवा हात हँडलवरून सुटून छातीकडं गेला.

पिवळा खांब कर्कश ओरडला. गाडीला कुणी मागून धरल्यासारखं झालं आणि ती मंदावली. विनयानं दचकून समोर बघितलं. झेब्राच्या कडेला रुक्साना उभी होती, डबा डाव्या हातात. पुढं टाकलेलं पाऊल तिनं मागं घेतलं होतं.

"ऐकलासा का, बाई?" ती रस्त्यापलीकडून ओरडली. "बोंबलला बगा!"

विनयानं गाडी थांबवली. फोन वाजला. पडद्यावर चलन होतं आणि खाली दोन चौकोन, 'गुन्हा मान्य' आणि 'कोर्टात दाद'. तिनं पहिल्यावर अंगठा ठेवला आणि फोन आत टाकला. मग तिनं दोन्ही हातांनी हँडल घट्ट धरलं. रुक्साना अजून खोळंबली होती, हिच्या हाताकडं बघत. 

विनयानं हात केला नाही. ती तोंडानंच म्हणाली, "जा, भाभी. मी बघतेय तुमच्याकडं."